सुतारकामाच्या अवजारांचा वरखर्च: बिलावर न छापलेली रक्कम

मराठवाड्यातल्या जुन्या गावगाड्यात सुताराचे बलुते ठरलेले असे. वर्षभर त्याने तिफण, वखर, नांगर, बैलगाडी यांची दुरुस्ती करायची आणि सुगीला खळ्यावरून आपल्या वाट्याचे धान्य न्यायचे. त्या व्यवस्थेत जातीची उतरंड होती, अडवणूक होती, आणि ती परत यावी असे म्हणण्याचे काहीही कारण नाही. परंतु तिच्यात हिशेबाची एक समज मुरलेली होती. लाकडी अवजार एकदा घडवून भागत नाही, ते झिजते, सैल होते, मृगाच्या तोंडावर पुन्हा ठाकठीक करावे लागते आणि या देखभालीचे मोल दरवर्षी द्यावे लागते, हे शेतकऱ्यालाही मान्य होते. सुताराच्या वाकसाला आणि पटाशीला पाणी देऊन, म्हणजे पोलाद तापवून-बुडवून कठीण करून, देणारा लोहारही त्याच व्यवस्थेतला असल्यामुळे सुताराच्या स्वतःच्या हत्यारांची झीजसुद्धा त्या हिशेबात कुठेतरी धरलेली असे.

आज लातूरला किंवा परभणीला कपाट, स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या किंवा दारे करून देणारा कारागीर चौरस फुटाच्या दराने मजुरी सांगतो. प्लायवूड, सनमायका, बिजागऱ्या आणि फेविकॉल ग्राहक आणून देतो. त्यांचा हिशेब पैशापैशाने होतो. मात्र त्या कामात झिजलेले ब्लेड, संपलेला पॉलिश पेपर, ड्रिलची म्हातारी होत चाललेली बॅटरी आणि सकाळी धार लावण्यात गेलेला वेळ यांची नोंद कोणत्याच कागदावर नसते. हा सारा वरखर्च कारागीर आपल्या मजुरीतून भागवतो, आणि बहुतेक वेळा आपण तो भागवत आहोत हे त्याला कळतही नाही. महिनाअखेरीस ‘काम तर भरपूर झाले, पैसे कुठे गेले’ हा प्रश्न मात्र उरतो. त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी हा लेख आहे.

पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली ती १७ सप्टेंबर २०२३ रोजी, म्हणजे योगायोगाने मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनीच. अठरा पारंपरिक व्यवसायांत सुतारकामाचा समावेश आहे आणि पात्र कारागिराला १५,००० रुपयांपर्यंतच्या अवजारांसाठी ई-व्हाउचर मिळते. ही मदत मोलाची आहे. पण अवजार हातात येणे ही खर्चाची सुरुवात असते, शेवट नव्हे. पुढे जे आकडे येतील त्यांतले भाव उदाहरणापुरते धरलेले आहेत. वाचकांनी आपल्या बाजारपेठेचे भाव त्या जागी घालावेत. रीत तीच राहील.

धारेचा हिशेब

सुतारकामातली सर्वांत महाग उपभोग्य वस्तू म्हणजे धार. रंध्याचे पाते, पटाशी, करवत, ड्रिलचे बिट, राउटरचे (लाकडात खाचा पाडणाऱ्या यंत्राचे) बिट, यंत्राचे ब्लेड ही सारी धारेची निरनिराळी रूपे आहेत आणि ती प्रत्येक कापागणिक थोडी थोडी संपत असतात. ती किती लवकर संपेल हे लाकडावर अवलंबून असते. सागवान कापायला मऊ वाटते, पण त्याच्या पेशींत सिलिकाचे, म्हणजे वाळूच्याच जातीच्या द्रव्याचे कण असतात आणि ते पोलादाची धार घासून काढतात. बाभूळ मुळातच कठीण. प्लायवूड आणि एमडीएफमध्ये लाकडाच्या थरांना किंवा भुशाला धरून ठेवणारे रेझिन असते. ते सुकल्यावर इतके कडक होते की साध्या हायस्पीड स्टीलचे बिट त्यापुढे काही दिवसांतच बोथट होते. म्हणून यंत्राच्या ब्लेडच्या दातांवर टंगस्टन कार्बाइडचे तुकडे डाखलेले असतात. बाजारात अशा ब्लेडला टीसीटी ब्लेड म्हणतात.

येथे पहिली चूक होते. दुकानात एकाच मापाची दोन ब्लेडे असतात आणि त्यांच्या किमतीत तिप्पट-चौपट अंतर असते. स्वस्त ब्लेडवरचे कार्बाइडचे तुकडे लहान आणि पातळ असतात, त्यामुळे ते बोथट झाले की पुन्हा धार लावण्यापुरता मालच शिल्लक राहत नाही. चांगल्या ब्लेडवरचे तुकडे जाड असतात आणि त्यांना अनेकदा धार लावता येते. समजा, स्वस्त ब्लेड २०० रुपयांचे आहे आणि ते ८ दिवस टिकते. म्हणजे दिवसाला २५ रुपये पडले. चांगले ब्लेड ७०० रुपयांचे आहे. पहिली धार १५ दिवस टिकते, नंतर ८० रुपये देऊन चार वेळा धार लावून घेतली आणि दर वेळी ती १२ दिवस टिकली, तर एकूण खर्च १,०२० रुपये आणि एकूण दिवस ६३ होतात. दिवसाला साधारण १६ रुपये पडले. दुकानात जे तिपटीहून महाग होते तेच कामावर एक तृतीयांशाहून अधिक स्वस्त ठरले.

मात्र या हिशेबाला एक अट आहे. कार्बाइड साध्या कानशीने किंवा साध्या ग्राइंडरने घासले जात नाही. त्याला हिऱ्याची पूड बसवलेले चाक लागते आणि तसे यंत्र बहुधा जिल्ह्याच्या किंवा मोठ्या शहरातच सापडते. औसा, कंधार किंवा भूम येथल्या कारागिराला एका ब्लेडसाठी तिकडे जाणे परवडणार नाही. त्यामुळे तीन-चार ब्लेडे जमवून एकदाच धारेला देणे आणि तोवर चालवायला एक जादा ब्लेड जवळ ठेवणे हाच मार्ग उरतो. त्या जादा ब्लेडमध्ये अडकलेले पैसे हासुद्धा वरखर्चच आहे. तसेच ब्लेड कापत नाही म्हणून ते बोथटच झाले असेल असे नाही. सागाचे तेल आणि प्लायवूडचे रेझिन दातांच्या बगलांवर चिकटून थर साचतो, ब्लेड तापते आणि लाकूड जळाल्याचा वास येतो. साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून जुन्या ब्रशने तो थर काढला की पुष्कळदा ब्लेड पूर्ववत कापू लागते. धारेला देण्यापूर्वी हे करून पाहावे.

आपल्या भागात आणखी एक खास धोका आहे. माळवदाची घरे उतरवली जातात तेव्हा त्यांच्या तुळया, खांब आणि चौकटी विकायला येतात. त्या जुन्या सागाला तोड नाही. वर्षानुवर्षे वाळलेले ते लाकूड नव्या लाकडासारखे वाकत-फाकत नाही. परंतु त्यात खिळे असतात, आणि त्यांतले कित्येक डोके तुटून आत राहिलेले असतात. कार्बाइड अतिशय कठीण असते तसेच ठिसूळही असते. एका खिळ्यावर आदळून दोन-तीन दात उडाले की ७०० रुपयांचे ब्लेड त्याच क्षणी निकामी होते, आणि उडालेला तुकडा डोळ्याला लागू शकतो तो वेगळाच. अशा लाकडावरून आधी जुन्या स्पीकरचा लोहचुंबक फिरवावा. सागात आणि बाभळीत टॅनिन असते, त्याचा लोखंडाशी संयोग होऊन खिळ्याभोवती लाकूड काळेनिळे पडलेले दिसते. तो डाग दिसला की खिळा जवळच आहे असे समजावे. इतके करूनही पहिला काप स्वस्त ब्लेडनेच घ्यावा, असे माझे मत आहे. वर स्वस्त ब्लेड महाग पडते असे मी म्हटले, पण या एका कामासाठी तेच योग्य आहे.

पाजवण्यात जाणारा वेळ

हातहत्यारांना वीज लागत नाही, बॅटरी लागत नाही, म्हणून त्यांचा वरखर्च नाही असा समज आहे. त्यांचा वरखर्च वेळाच्या रूपात असतो. पटाशी आणि रंध्याचे पाते साधारण २५ अंशांत घासून टोकाला ३० अंशांची बारीक धार द्यावी लागते. बाभळीसारख्या लाकडासाठी त्याहून थोडी उभी. समजा, रोज अर्धा तास पाजवण्यात गेला आणि महिन्याला २५ दिवस काम झाले, तर १२.५ तास होतात, म्हणजे आठ तासांचे दीड दिवसाहून अधिक काम. दिवसाची मजुरी ८०० रुपये धरली तर हे १,२५० रुपये झाले. पाजवणे टाळून हे पैसे वाचत नाहीत, कारण बोथट पटाशीने तेच काम दुप्पट वेळात होते आणि जोर लावताना हात निसटून जखम होते. हा वेळ कामाचाच भाग आहे. फक्त तो कामाच्या दरात धरलेला नसतो.

पाजवताना पोलादही जाते. घाईने ग्राइंडरवर पाते धरले आणि धार निळी पडली, तर पोलाद ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापून त्याचे पाणी उतरलेले असते. निळा झालेला तेवढा भाग कठीणपणा गमावतो आणि तो पूर्ण घासून काढल्याशिवाय धार टिकत नाही. अर्थात पटाशी एका चुकीत काही मिलिमीटर आखूड होते. पाते क्षणभर टेकवून लगेच पाण्यात बुडवणे एवढेच त्यावर उपाय आहे. ज्यावर पाजवतो तो निसणादगडही झिजतो, मध्ये खोलगट होतो, आणि खोलगट दगडावर सरळ धार लागत नाही. जाड काचेवर खरखरीत पॉलिश पेपर पसरून त्यावर दगड घासला की तो पुन्हा सपाट होतो.

बॅटरी, कार्बन आणि वाइंडिंग

बॅटरीवर चालणारा ड्रिल आता खेड्यातल्या कारागिराकडेही दिसतो, आणि जिथे वीज कधी जाईल याचा नेम नाही तिथे तो उपयोगी आहेच. परंतु त्याच्या बॅटरीला आयुष्य असते. १८ व्होल्टच्या बॅटरीत ३.६ व्होल्टचे पाच सेल एकामागे एक जोडलेले असतात आणि त्यांतला एक जरी अशक्त झाला तरी सारी बॅटरी बसते. काही शे वेळा चार्ज-डिस्चार्ज झाल्यावर तिची क्षमता स्पष्टपणे उतरते. शिवाय वापरली नाही तरी ती काळाबरोबर म्हातारी होतच असते. उष्णता हे म्हातारपण वेगाने आणते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर असतो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त, आणि दुपारी उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीत त्याहूनही जास्त. बॅटरी घरात, सावलीच्या कोनाड्यात ठेवावी. बरेच दिवस वापरायची नसेल तर निम्मी भरलेली ठेवावी. कामावरून आल्याआल्या गरम असताना चार्जिंगला लावू नये.

समजा, दोन बॅटऱ्यांसह ड्रिल ९,००० रुपयांना मिळाला आणि तीन वर्षांनी दोन्ही बॅटऱ्या प्रत्येकी २,५०० रुपयांना बदलाव्या लागल्या. म्हणजे ५,००० रुपये, महिन्याला सुमारे १४०. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या कंपनीच्या यंत्राला बसत नाही, हे यात सर्वांत महत्त्वाचे. पहिला ड्रिल घेताना आपण केवळ ड्रिल निवडत नसतो, तर पुढच्या दहा वर्षांची बॅटरी निवडत असतो. म्हणून त्या बॅटरीवर कटर, सँडर, राउटर यांपैकी काय काय चालते आणि बॅटरी आपल्या जिल्ह्यात मिळते का, हे किमतीच्या आधी विचारावे.

विजेवर चालणारे ड्रिल, ग्राइंडर, राउटर, कटर यांत कार्बनची जोडी असते. ती आर्मेचरला, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागाला, घासत वीज पोहोचवते आणि त्या घासण्यात स्वतः झिजते. झिजण्यासाठीच ती असते. कार्बनची जोडी तुलनेने अगदी कमी पैशांत मिळते. ती वेळेवर बदलली नाही तर ठिणग्या वाढतात, आर्मेचरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर चरे पडतात, आणि मग आर्मेचर बदलण्याचा खर्च कार्बनच्या कित्येक पट होतो. यंत्र घेतानाच कार्बनच्या दोन जोड्या घेऊन ठेवाव्यात आणि तालुक्याच्या दुकानात ज्या यंत्राचा कार्बन मिळत नाही ते यंत्र, कितीही स्वस्त असले तरी, घेऊ नये. सुट्या भागासाठी जिल्ह्याला गेलेला एक दिवस म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि एसटीचे भाडे.

टेबलसॉ किंवा रंधा यंत्राची मोटर वेगळ्या जातीची असते आणि तिचा शत्रू म्हणजे कमी दाबाची वीज. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. २३० व्होल्टऐवजी १८० व्होल्ट आले तर व्होल्टेज सुमारे २२ टक्क्यांनी कमी होते, पण जोर जवळजवळ ३९ टक्क्यांनी कमी होतो. कारागीर मात्र तेच लाकूड त्याच वेगाने पुढे ढकलतो, मोटर जास्त करंट ओढते आणि वाइंडिंग, म्हणजे आतली तांब्याच्या तारेची गुंडाळी, तापते. वाइंडिंगचे तापमान दर १० अंशांनी वाढले की त्यावरच्या आवरणाचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा विद्युत अभियांत्रिकीतला जुना ठोकताळा आहे. म्हणजे जळालेली मोटर त्या दिवशी जळालेली नसते, ती कित्येक महिने थोडी थोडी जळत आलेली असते. संध्याकाळी गावभर दिवे लागल्यावर व्होल्टेज पडते त्या वेळी जाड लाकूड चिरणे टाळावे, मोटरला ओव्हरलोड संरक्षण असलेला स्टार्टर बसवावा.

लांब आणि बारीक वायर हा याच दुखण्याचा दुसरा भाग आहे. अंगणातल्या बोर्डापासून ३० मीटर वायर ओढली तर वीज जाऊन परत येताना ६० मीटर तांब्यातून जाते. वायर १.५ चौरस मिलिमीटरची असेल तर १० अँपियरला सुमारे ७ व्होल्ट वायरीतच खर्ची पडतात, ०.७५ चौरस मिलिमीटरची असेल तर सुमारे १४ व्होल्ट. त्या व्होल्टचे बिलही आपणच भरतो आणि त्यांनी तापलेल्या वायरीचा धोकाही आपलाच. आधीच १८० व्होल्ट असलेल्या वस्तीत आणखी १४ गमावणे मोटरला सोसत नाही.

विजेचा प्रत्यक्ष खर्च त्या मानाने लहान असतो. दोन अश्वशक्तीची मोटर रोज प्रत्यक्ष दोन तास चालली आणि सरासरी १.२ किलोवॉट वीज ओढली, तर दिवसाला २.४ युनिट आणि २५ दिवसांत ६० युनिट होतात. दहा रुपये युनिट धरले तर ६०० रुपये. लोक विजेचे बिल पाहून यंत्र घ्यायला कचरतात, कारण ते बिल कागदावर येते. त्याच्या दुप्पट पैसे पॉलिश पेपरवर जातात आणि ते दिसत नाहीत.

पॉलिश पेपर

पॉलिश पेपरचे प्रकरण मला सर्वांत बोलके वाटते, कारण त्यात यंत्र आणि त्याचा वरखर्च यांची तुलना उघड होते. समजा, गोल सँडर ५,००० रुपयांचा आहे, त्याला दिवसाला चार चकत्या लागतात, एक चकती १५ रुपयांची आणि असे काम महिन्यात २० दिवस असते. दिवसाला ६० रुपये, महिन्याला १,२०० रुपये, आणि पाचव्या महिन्याअखेरीस ६,००० रुपये. पाच महिन्यांत चकत्यांनी यंत्राला मागे टाकले. सोन्यापेक्षा घडणावळ जास्त म्हणतात ती अशी. त्यातही चकती धरून ठेवणारे वेल्क्रोचे पॅड उष्णतेने वितळून गुळगुळीत होते आणि तेही बदलावे लागते.

हा खर्च कमी करण्याचे उपाय आहेत. ८० नंबरवरून थेट २२० वर उडी मारली तर ८० चे ओरखडे काढण्यात २२० च्या चकत्या वाया जातात. ८०, १२०, १८०, २२० असा क्रम धरला तर एकूण कागद कमी लागतो. यंत्रावर दाब दिला की ते जलद घासत नाही, कागद तुंबतो आणि तापतो. भुसा ओढून घेणारी नळी जोडली तर कागदाचे दाणे भुशाने भरत नाहीत आणि चकती बरीच जास्त टिकते. आणि रंध्याची धार चांगली असेल तर मुळात घासायचे कामच निम्मे राहते. म्हणजे निसणादगडावर घालवलेला अर्धा तास पॉलिश पेपरच्या खात्यात परत येतो.

पावसाळा, गंज आणि तेल

आपला उन्हाळा कोरडा असतो. त्यात कुऱ्हाडीचे आणि हातोडीचे दांडे आक्रसतात आणि डोके हलू लागते. दांडा रात्रभर पाण्यात ठेवण्याची पद्धत सर्वत्र आहे, पण तो उपाय एका दिवसाचा आहे. फुगलेल्या लाकडाचे धागे लोखंडाच्या भोकात चेपले जातात आणि पुन्हा वाळल्यावर दांडा पूर्वीपेक्षाही सैल होतो. नवी पाचर ठोकणे योग्य.

पाऊस सुरू झाला की उलटे होते. हवेतला ओलावा आणि हाताच्या घामातले मीठ यांनी पोलादावर गंज धरतो, आणि गंजलेली धार घासून काढावी लागते म्हणजे पोलाद आणि वेळ दोन्ही जातात. काम संपल्यावर पाती कोरडी पुसून शिवणयंत्राच्या तेलाचा हलका हात फिरवावा. घरात करडईचे तेल असते म्हणून तेच लावले जाते, ते मात्र करू नये. करडई आणि जवस ही दोन्ही तेले हवेत वाळतात. पात्यावर त्यांचा चिकट थर बसतो आणि त्यावर भुसा चिकटतो. हेच जवसाचे तेल लाकडी दांड्याला मात्र उत्तम, तिथे ते वाळून मुरणेच हवे असते. परंतु जवसाच्या तेलाने भिजलेली चिंधी चुरगाळून भुशात टाकू नये. वाळताना ते तेल उष्णता सोडते, ढिगात ती उष्णता कोंडते आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती मोकळ्या जागेत पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवून ठेवावी.

श्वासाची किंमत

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, लाकडाच्या धुळीला १९९५ मध्ये माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. नाक आणि त्यालगतच्या पोकळ्यांचा कर्करोग हा त्यातला मुख्य धोका आहे. तोंडाला रुमाल बांधल्याने जाड भुसा अडतो, बारीक धूळ अडत नाही. सँडरची आणि एमडीएफची धूळ सर्वांत बारीक असते. एन-९५ प्रतीचा मास्क लागतो आणि तो धुऊन वर्षभर वापरता येत नाही, भरला की बदलावा लागतो. महिन्याला २०० रुपये यासाठी धरले तर तो वरखर्चातला शेवटचा आकडा असतो आणि हात आखडला की सर्वांत आधी कापला जातो. तो कापू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

हेच त्या चार इंची कटरबद्दल, जो मुळात फरशी कापण्यासाठी बनवलेला असतो आणि ज्याला लाकडाचे ब्लेड लावून गावोगाव प्लायवूड चिरले जाते. लाकूड ब्लेडला आवळते, यंत्र उसळून मागे येते आणि त्याला अडवायला मागे पाचर नसते. लाकडासाठी बनवलेला सर्क्युलर सॉ महाग असतो हे खरे. पण एका बोटाच्या जखमेने महिनाभर बुडालेली मजुरी त्या दोन यंत्रांच्या किमतीतल्या फरकाच्या कित्येक पट असते. कोनी ग्राइंडरला (अँगल ग्राइंडरला) लाकडाचे दातेरी ब्लेड तर कोणत्याही परिस्थितीत लावू नये. त्याचा वेग त्या ब्लेडला सोसणारा नसतो.

हौसेने काम करणाऱ्यांसाठी

नोकरी सांभाळून घरी स्टूल, मांडणी, देव्हारा करणाऱ्यांचा वरखर्च निराळा आहे. त्यांची धार कमी झिजते, पण बॅटरी न वापरताच म्हातारी होते आणि पाती पेटीत गंजतात. वर्षातून दोनदा लागणारे यंत्र विकत घेण्यापेक्षा तेवढे काम ओळखीच्या सुताराकडून पैसे देऊन करून घेणे स्वस्त पडते, आणि ते पैसे गावात राहतात.

वहीतला हिशेब

आता वर धरलेले आकडे एकत्र मांडू. महिन्याला २५ दिवस काम धरले तर ब्लेडचे ४००, चकत्यांचे १,२००, बॅटरीसाठी बाजूला ठेवायचे १४०, विजेचे ६००, पाजवण्याच्या वेळेचे १,२५०, मास्कचे २०० आणि कार्बन, बेअरिंग, वाइंडिंग यांसाठी १५० रुपये. बेरीज ३,९४० रुपये, म्हणजे दिवसाला सुमारे १५८. मजुरी ८०० रुपये धरली होती. तिच्यातला जवळजवळ पाचवा हिस्सा अवजारांनाच लागतो.

यंत्र कर्जावर घेतले असेल तर हप्ता याखेरीज. विश्वकर्मा योजनेतले पहिले कर्ज एक लाखापर्यंतचे, ५ टक्के व्याजाचे आणि १८ महिन्यांच्या मुदतीचे असते. समान हप्त्यांनी फेडले तर महिन्याला सुमारे ५,७८० रुपये आणि एकूण व्याज सुमारे ४,००० रुपये होते. व्याज खरोखरच कमी आहे, तरी हप्ता आणि वरखर्च मिळून महिन्याला ९,७०० रुपयांच्या वर जातात, आणि १८ महिने तेवढे काम हातात आहे का हे कर्ज घेण्यापूर्वी पाहावे लागते. यंत्रावर १८ टक्के जीएसटी असतो. ज्याची जीएसटी नोंदणी नाही त्याला तो परत मिळत नाही, म्हणून यंत्राची किंमत नेहमी करासहितच धरावी.

वही ठेवणे सोपे आहे. नवे ब्लेड, कार्बन किंवा बॅटरी ज्या दिवशी लावली ती तारीख आणि किंमत लिहायची, काढली ती तारीख त्यापुढे लिहायची. ब्लेडवर तर मार्करनेच तारीख घालता येते. तीन महिन्यांत आपल्या हाताचा, आपल्या लाकडाचा आणि आपल्या गावच्या विजेचा खरा आकडा समोर येतो, आणि तो या लेखातल्या आकड्यांपेक्षा अधिक विश्वासार्ह असतो.

तो आकडा मग दरात धरायचा. सहा फूट रुंद आणि सात फूट उंच कपाट म्हणजे ४२ चौरस फूट. त्याला चार दिवस लागतात असे धरले तर अवजारांचा वरखर्च ६३२ रुपये, म्हणजे चौरस फुटाला १५ रुपये. हे १५ रुपये मजुरीत मिसळून सांगितले तर घासाघिशीत पहिल्यांदा तेच जातात. अंदाजपत्रकात मजुरीच्या खाली ‘अवजार-झीज, चौरस फुटाला १५ रुपये’ अशी वेगळी ओळ लिहावी. ग्राहक विचारील, तेव्हा वही दाखवावी. आणि कपाट करवून घेणाऱ्यांनी, बिजागरीचे बिल जसे न कुरकुरता देतो तशीच ती ओळ मान्य करावी. आपल्या आजोबांनी खळ्यावर त्याच कामाचे धान्य मोजून दिलेले आहे.